राखीव आसनावर सगळेच

डिजिटल अध्ययन-साहित्य म्हणजे पडद्यावर वाचायचे, पाहायचे, ऐकायचे आणि चाचणी देऊन झाल्यावर विसरायचे असे सर्व काही. ई-पुस्तक, नोट्सची पीडीएफ, व्हिडिओ धडा, ऑनलाइन प्रश्नमंजूषा आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराला येऊन पडणारा स्वाध्यायाचा तिरका फोटो ही त्याची प्रचलित रूपे. डोळे, कान, हात किंवा लक्ष यांपैकी काही ना काही पुरेशी साथ देत नाही अशा विद्यार्थ्यालाही जे साहित्य दुसऱ्याची मनधरणी न करता वापरता येते, त्याला सुगम्य म्हणतात. या व्याख्येत अंध, कर्णबधिर, माऊस धरता न येणारे, वाचताना अक्षरांशी झगडणारे विद्यार्थी येतात. चष्मा घरी विसरलेला, एसटीच्या दांडीला लोंबकळत वाचणारा, ज्याच्या हेडफोनची एकच बाजू चालते तो आणि ज्याच्या मोबाइलची काच तडकली आहे तो, हेही येतात. फक्त त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसते.

प्रत्यक्षात बहुतेक साहित्य तयार होते ते एका आदर्श विद्यार्थ्यासाठी. त्याची नजर स्वच्छ, कान तिखट, खोली शांत, नेट फायबरचे आणि पडदा पंधरा इंची असतो. वीज जात नाही. धडा रंगात आला असताना त्याला कुणी दळण आणायला पिटाळत नाही. हा विद्यार्थी आजवर कोणत्याही शाळेच्या पटावर सापडलेला नाही. थोडा तपास केला तर असे आढळते, की साहित्य बनवणारा स्वतःच तो असतो, आणि आपण बनवलेले आपल्याला नीट दिसले की जगाला दिसले, अशी त्याची खात्री असते. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हा कायद्याने मानलेले दिव्यांगत्वाचे प्रकार सात होते. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ते एकवीस केले. एवढ्यांना बाहेर ठेवून 'सर्वांसाठी शिक्षण' असे मुखपृष्ठावर छापायला धाडस लागते, आणि ते पुष्कळांकडे असते.

एका गटासाठी केलेली सोय सर्वांच्या पथ्यावर पडते, याचा दाखला अमेरिकेतल्या पदपथांवर मिळतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी पदपथांच्या कडा उतरत्या करून घेण्यासाठी आवाज उठवला. कडा उतरत्या झाल्या आणि त्यांवरून बाबागाड्या, चाकांच्या बॅगा, सामानाच्या ढकलगाड्या आणि सायकली सुखाने जाऊ लागल्या. आपल्याकडे रॅम्पची पहिली लाभार्थी बहुधा स्कूटर असते, आणि ती त्यावर उभीच केलेली असते, पण तत्त्व तेच. त्याही आधी, १८०८च्या सुमारास, पेलेग्रिनो तुर्री या इटालियन गृहस्थाने एका अंध उमराव स्त्रीला स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत म्हणून टंकयंत्र बनवले. टंकयंत्राच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत ते गणले जाते. पुढे साऱ्या जगातल्या कारकुनांनी त्या जातीची यंत्रे बळकावली आणि एका स्त्रीच्या खासगी पत्रांसाठी झालेल्या खटपटीचे पर्यवसान 'विषयांकित प्रकरणी कळविण्यात येते की' यात झाले.

व्हीलचेअर वापरणारे अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी या विचाराला 'युनिव्हर्सल डिझाइन' हे नाव रूढ केले, आणि १९९७मध्ये त्यांच्यासह दहा जणांच्या गटाने त्याची सात तत्त्वे मांडली. शिक्षणात हा विचार आणणारी 'कास्ट' ही संस्था १९८४पासून अमेरिकेत काम करते आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की विद्यार्थ्यात दोष शोधण्याआधी धड्यात शोधावा. शिक्षणक्षेत्रात हे म्हणणे रुळायला वेळ लागला, यात नवल नाही.

मराठीत मात्र या विषयाची सुरुवात फॉन्टपासून करावी लागते. युनिकोड येण्यापूर्वी, आणि डीटीपीच्या दुकानांत तो आल्यानंतरही बराच काळ, संगणकावर मराठी उमटवायची एक युक्ती होती. आत साठवायची इंग्रजी अक्षरे आणि फॉन्टने त्यांना वरून मराठीचा अंगरखा चढवायचा. कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द लिहायचा तर ई, जे, के, मोठा बी आणि एच या कळा दाबाव्या लागतात. डोळ्यांना 'मराठी' दिसते, संगणकाच्या पोटात 'ईजेकेबीएच' असते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, अंगरखा पाहत नाही, पोटातले वाचते. त्याच्या लेखी 'विद्यार्थी' म्हणजे एफ, ओ, उभी रेघ, के, एफ, के, एच, झेड. 'विद्यार्थ्यांनी शांतता राखावी' ही सूचना या पद्धतीने संपूर्ण ऐकल्यावर अंध विद्यार्थी शांत बसतो हे खरे, पण तो सूचनेचा परिणाम नव्हे.

या अंगरख्यापायी डोळसांचेही हाल कुत्रा खात नाही. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की डोळसालाही ईजेकेबीएचच दिसते. इंटरनेटवर 'विद्यार्थी' शोधले तर तो मजकूर सापडत नाही. त्यातला परिच्छेद उचलून व्हॉट्सॲपवर टाकता येत नाही. परिणामी एका तालुक्यात टाइप झालेला प्रश्नसंच शेजारच्या तालुक्यात पहिल्यापासून टाइप होतो, नव्या चुकांसह. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे अंगरखा टाकून देण्याची मुभा तीस वर्षांहून अधिक काळ आहे आणि तरी 'हाच फॉन्ट प्रेसला लागतो' हे वाक्य अजून कानावर येते. प्रेसवाल्याला विचारले तर तो म्हणतो, गिऱ्हाईक हाच फॉन्ट आणते.

फॉन्ट सुधारला तरी पानाची भाषा सांगायची राहते. प्रत्येक पानाच्या आत 'ही मराठी आहे' अशी एक छोटी खूण करता येते. ती न करता हिंदी पानाचा साचा तसाच उचलला, की स्क्रीन रीडर हिंदी आवाज लावतो, ज्ञानेश्वरांचे 'ग्यानेश्वर' करतो आणि ५५ला 'पचपन' म्हणतो. गणिताचा तास अशा आवाजात ऐकलेल्या मुलाला पंचावन्न वेगळे आणि पचपन वेगळे वाटले, तर दोष त्याचा नाही.

फोटो-नोट्सचा प्रकार याहून सरळ आहे. शिक्षक सुंदर हस्ताक्षरात वहीत लिहितात, वहीचे फोटो काढतात, फोटोंची पीडीएफ करतात आणि ती 'ई-साहित्य' म्हणून पाठवतात. अंध विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर फाइलचे नाव तेवढे सांगतो: आय-एम-जी, तारीख, डब्ल्यू-ए, शून्य शून्य बारा. पुढे शांतता. इतरांना पान दिसते, पण त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर पळते आणि कोपऱ्यात शिक्षकांच्या अंगठ्याचेही दर्शन घडते. तोच मजकूर टाइप केला तर फाइल काही किलोबाइटची होते आणि रेंजची एकच कांडी असलेल्या वाडीवरही उतरते. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ क्यूआर कोड असतो, तो 'दीक्षा' या २०१७पासूनच्या राष्ट्रीय मंचावरील साहित्यापाशी नेतो. सोय चांगलीच, पण छापील पानावर तो चौकोन कुठे आहे हे शोधायला आधी पान दिसावे लागते. एवढ्यासाठी शेजारी बसलेल्या मित्राची मदत घ्यावी लागणे हे मैत्रीच्या दृष्टीने उत्तम, स्वावलंबनाच्या दृष्टीने नव्हे.

चित्राला 'ऑल्ट टेक्स्ट' नावाचे लपलेले वर्णन जोडता येते. स्क्रीन रीडर ते वाचतो आणि चित्र उतरले नाही तर इतरांनाही तेच दिसते. हे वर्णन लिहिण्याची मराठीत तीन घराणी आहेत. पहिले मौन पाळते: दृष्टीआड सृष्टी. दुसरे 'चित्र', 'आकृती' किंवा 'फोटो २' असे लिहून जबाबदारीतून मोकळे होते. तिसऱ्या घराण्यात मराठीचे प्राध्यापक येतात. ते पर्जन्यमानाच्या स्तंभालेखाला 'निसर्गाच्या लहरीपणाचे निळ्या स्तंभांतून उमटलेले विलोभनीय दर्शन' असे वर्णन देतात. ऐकणाऱ्या मुलाला हवे असते ते इतकेच: 'पाऊस जूनमध्ये सुरू होतो, जुलैत सर्वाधिक, ऑक्टोबरात ओसरतो.' हे एक वाक्य डोळस विद्यार्थ्यांनाही दाखवले तर आलेख वाचायचा कसा, हे त्यांना कळते. पुष्कळांना ते अजून कळलेले नसते, कारण आलेख दिसतो म्हणजे समजतो, असे गृहीत धरलेले असते.

ऑल्ट टेक्स्ट लिहायला बसल्याचा आणखी एक दुष्परिणाम संभवतो. 'या चित्राने काय सांगायचे आहे?' हा प्रश्न लेखकाला प्रथमच पडतो आणि अनेकदा उत्तर 'काही नाही' असे येते. भाषेच्या धड्यात कोपऱ्यात हसणारी पेन्सिल, गणितात चष्मा घातलेले घुबड आणि प्रत्येक स्लाइडवर हस्तांदोलन करणारे दोन सूटवाले हे कशासाठी आहेत, हे कुणालाच सांगता येत नाही. अशा शोभेच्या चित्राला मुद्दाम रिकामे वर्णन द्यायचे, म्हणजे स्क्रीन रीडर त्याला ओलांडून पुढे जातो, असा नियम आहे. डोळस वाचकाला ही सवलत मिळत नाही. त्याला घुबड पाहावेच लागते.

शीर्षकांबाबत थोडक्यात. ठळक आणि मोठे केलेले अक्षर म्हणजे शीर्षक नव्हे. शीर्षकाची खरी शैली लावली तर ऐकणारा शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतो, पाहणाऱ्याला आयती अनुक्रमणिका मिळते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दोघांचाही जीव वाचतो. दुव्यांचेही तेच. स्क्रीन रीडर पानावरच्या दुव्यांची यादी करून देतो, ती अशी ऐकू येते: इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, अधिक वाचा, इथे क्लिक करा. 'इयत्ता आठवी, विज्ञान, सराव प्रश्न' असे लिहायला तीन सेकंद जास्त लागतात.

सबटायटल्सची गोष्ट मात्र कानामागून आली आणि तिखट झाली. ती कर्णबधिरांसाठी म्हणून आली. ब्रिटनच्या 'ऑफकॉम' या नियामक संस्थेच्या २००६च्या पाहणीत सबटायटल्स वापरणारे सुमारे ७५ लाख लोक आढळले, आणि त्यांतल्या ६० लाखांना ऐकण्याची काही अडचण नव्हती. एसटीतल्या दिव्यांगांसाठी राखीव आसनावर भलताच कुणी बसला तर हक्कदाराला उभे राहावे लागते. सबटायटल्सच्या आसनावर सगळे गाव बसले तरी हक्कदाराची जागा जात नाही.

भारतात या विषयात एक फार शहाणे काम झाले आहे. ब्रिज कोठारी हे १९९६मध्ये अमेरिकेत शिकत असताना मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. सबटायटल्स इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्येच असती तर भाषा शिकायला सोपी गेली असती, असे त्यांच्या मनात आले. त्यातून हिंदी गाण्यांना हिंदीतच सबटायटल्स द्यावीत, ही कल्पना निघाली. अहमदाबादच्या आयआयएममध्ये तिच्यावर काम झाले, १९९९मध्ये गुजराती 'चित्रगीत' आणि २००२मध्ये दूरदर्शनच्या 'चित्रहार' कार्यक्रमात ती उतरली. तिची यंत्रणा साधी आहे. गाणे प्रेक्षकाला पाठ असते, म्हणजे पुढचा शब्द कोणता हे आधीच ठाऊक असते. तो शब्द गाण्यात येताक्षणी पडद्यावर रंग बदलतो आणि डोळा आपसूक त्याच्यामागे जातो. अडखळत वाचणारा माणूस आपण शिकतो आहोत हे न कळता वाचू लागतो. शिक्षणखात्याच्या कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात विद्यार्थ्याला इतके बेसावध गाठता आलेले नाही.

सबटायटल्स यंत्रावर सोडून मोकळे व्हायचा मोह आवरावा. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द पडद्यावर 'प्रकाश संशय लेखन' असा उमटला, तर कर्णबधिर विद्यार्थी तो तसाच पाठ करून उत्तरपत्रिकेत लिहील आणि परीक्षक त्याच्या आकलनशक्तीविषयी हळहळेल.

रंगांच्या बाबतीत साहित्य बनवणाऱ्यांचे स्वातंत्र्य अमर्याद असते. वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष 'डब्ल्यूसीएजी' या नावाने १९९९मध्ये आले, २००८मध्ये त्यांची दुसरी पिढी आली, २०२३मध्ये २.२ ही आवृत्ती. त्यांच्यानुसार नेहमीच्या आकाराचे अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर काळे २१ : १ भरते. पांढऱ्यावर शुद्ध पिवळे भरते १.०७ : १, म्हणजे ते जवळजवळ नाहीच, तरीही 'महत्त्वाची टीप' याच रंगात लिहिण्याची चाल आहे. हा दोष केवळ हौशी मंडळींचा नव्हे. 'वेबएम' या संस्थेने २०२४मध्ये दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासली. सुमारे ९६ टक्के पानांत निकषांचा भंग आढळला आणि सर्वाधिक आढळलेला दोष म्हणजे फिकट अक्षरे. फिकट करड्या रंगाला डिझाइनर 'अभिजात' म्हणतात. भर दुपारी उन्हात मोबाइल धरून उभा असलेला विद्यार्थी काय म्हणतो, ते छापण्यासारखे नसते.

केवळ रंगाने अर्थ सांगू नये, असाही नियम आहे. 'लाल रेषा लोकसंख्या, हिरवी रेषा उत्पादन' हे लाल-हिरवा फरक न कळणाऱ्याला सांगून उपयोग नाही. आणि शाळेत पोहोचल्यावर त्या आलेखाची काळी-पांढरी झेरॉक्स निघते, तेव्हा अख्खा वर्ग रंगांध होतो. रेषेवरच तिचे नाव लिहिले की प्रश्न मिटतो, झेरॉक्सवाल्यासकट.

हलत्या वस्तूंचे आकर्षण हा राष्ट्रीय गुण मानावा लागेल. शैक्षणिक संकेतस्थळांवर डोक्यावरून सूचनांची पट्टी सरकत असते. तिच्यातला परीक्षेचा दिनांक वाचायच्या आत निघून जातो आणि पुन्हा येईपर्यंत कार्यालयाच्या शुभेच्छा वाचाव्या लागतात. शेजारी 'नवीन' ही चिठ्ठी लुकलुकत असते, तिची सूचना तीन वर्षांपूर्वीची असते. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक हलणारी गोष्ट थांबवण्याची सोय हवी, असे निकष सांगतात. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे काही नसावे, हा नियम विनोदाचा नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांत बहुतेक मुले होती.

ऑनलाइन चाचणीतले घड्याळ वाढवून मिळावे, ही मागणी दिव्यांग विद्यार्थ्यांची. तिचा लाभ चाचणी चालू असताना नेट गेलेल्या प्रत्येकाला होतो. चाचणीच्या दारात उभा असलेला कॅप्चा तर सर्वांना समान वागवतो. सांगलीच्या मुलाला अमेरिकेतल्या रस्त्याकडेचे अग्निशमन नळ ओळखून आपण माणूस असल्याचे सिद्ध करावे लागते.

कायद्याची बाजू भक्कम आहे. २०१६च्या कायद्यात माहिती व संपर्क साधने सुगम्य असावीत असे कलम आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९पासून आहेत, आयएस १७८०२ हे भारतीय मानक २०२१पासून. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम शिफारशींसारखे नकोत, सक्तीचे हवेत, असे बजावले. एप्रिल २०२५मध्ये बँकांच्या केवायसीसंबंधीच्या याचिकांवर निकाल देताना त्याच न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. 'डोळे मिचकावून दाखवा, म्हणजे तुम्ही जिवंत असल्याचे कळेल' ही अट ज्यांना पुरी करता येत नव्हती, त्यांच्या तक्रारीतून हा निकाल आला.

कायदा पाळण्याची पद्धत अर्थात स्वदेशी आहे. संकेतस्थळाच्या माथ्यावर लहान अ, मधला अ आणि मोठा अ बसवले की निम्मे काम झाले. मोठा अ दाबल्यावर मेनू मोठा होतो, मजकूर तेवढाच राहतो, कारण मजकूर हा फोटो असतो. त्याच ओळीत 'स्क्रीन रीडर ॲक्सेस' नावाचे पान असते. त्यात स्क्रीन रीडर कुठून घ्यावा, कोणता फुकट आणि कोणता विकतचा, याचा तक्ता असतो. ज्याच्याकडे स्क्रीन रीडर नाही अशा अंध माणसाला हे पान वाचता येत नाही. ज्याच्याकडे आहे त्याला त्याची गरज नाही. उरतो तपासणी अधिकारी, आणि पान त्याच्यासाठीच असते.

दुसरा मार्ग म्हणजे कोपऱ्यात व्हीलचेअरचे चिन्ह असलेले एक गोल बटण विकत आणून चिकटवणे. एक ओळ कोड टाका आणि निश्चिंत व्हा, असे विक्रेते सांगतात. २०२५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच दाव्यांबद्दल एका कंपनीला दहा लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला, तेव्हा निश्चिंती थोडी कमी झाली.

हे सारे महाग पडते ते वरातीमागून घोडे धाडल्यामुळे. धडा तयार झाला, चित्रीकरण झाले, मंत्रिमहोदयांच्या हस्ते लोकार्पण झाले आणि मग कुणीतरी 'दिव्यांगांसाठी काय केले?' असे विचारले, की तीनशे चित्रांची वर्णने आणि चाळीस तासांची सबटायटल्स एका आठवड्यात लिहून घ्यावी लागतात. तीच लिहिता लिहिता केली तर प्रत्येक धड्यामागे थोडासा वेळ जातो, आणि धडा आटोपशीर होतो तो नफा वेगळा.

तपासणीला समिती लागत नाही. माऊस काढून ठेवावा आणि फक्त टॅबची कळ दाबत धड्याच्या शेवटपर्यंत पोहोचता येते का, ते बघावे. आवाज बंद करून व्हिडिओ पाहावा. पानाची काळी-पांढरी प्रत काढावी. मजकूर दुप्पट मोठा करून मोबाइल उन्हात न्यावा. मग धडा स्क्रीन रीडरला वाचायला लावून डोळे मिटून ऐकावा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांचा. त्याचे काम २००६मध्ये सुरू झाले. तो विंडोजवर चालतो, किंचित नाकात का होईना पण मराठी बोलतो आणि संपूर्ण मोफत आहे. ई-साहित्य तयार करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने तो आजच उतरवून घ्यावा, आणि पुढचा धडा ग्रुपवर टाकण्याआधी एकदा त्याच्या तोंडून ऐकावा.